तीन ओळींच्या खालचं

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या टेलिप्रिंटरच्या खोलीत टेबलावर एक टोकदार उभी सळई होती. आलेला-गेलेला प्रत्येक कागद दिवसअखेर तिच्यात खोचायचा. महिनाभरात वीतभर थप्पी व्हायची आणि वरचा एक कागद काढायला गेलं की खालचे दोन-चार फाटून हातात यायचे. माझ्या डोक्याचंही तसंच झालंय. मित्र म्हणतात, सोनवणे, सुरतेची एखादी गंमत सांग. मी गमतीचाच कागद ओढतो, पण त्याच्याबरोबर खालचा एक कागद हटकून येतो. म्हणून आज सगळेच सांगतो, खालच्यासकट.

सत्तर सालाच्या आगेमागची गोष्ट. आमची आर्ट सिल्कची मिल सुरतेत उधन्याच्या बाजूला आणि शेठ मुंबईला. मिल आणि मुंबई ऑफिस यांच्यामध्ये टेलिप्रिंटर होता. इथे टाइप केलं की तिथे कागदावर उमटायचं. खोलीत आम्ही दोघं. रामदास पाटील, म्हणजे आमचे अण्णा, अमळनेरकडचे, पन्नाशीला आलेले. आणि मी. माझे वडील रेल्वेत गँगमन, भुसावळहून बदलून इकडे आले आणि आम्ही नवागामचे झालो. अण्णा पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा माझ्या वडिलांना हात जोडून "जय भीम" म्हणाले. वडील इतके गडबडले की ते "राम राम" म्हणाले! तिथून दोघांची जी मैत्री जमली ती जमलीच.

वर मॅनेजर जरीवालासाहेब, चहापाण्याला आणि निरोपांना उकाभाई. आणि पलीकडच्या टोकाला, मुंबईच्या मशीनवर, सामंतबाई. त्यांना आमच्यापैकी कोणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या ओळी तेवढ्या रोज बघायचो.

०

माझा पहिला दिवस. अण्णा जेवायला गेलेले. जरीवालासाहेबांनी हातात मजकूर दिला: जॉर्जेटचा माल, कुठल्या रंगाची किती थानं, कधी निघणार. टायपिंगच्या क्लासात मी पहिला आलो होतो, म्हणून छाती फुगलेली. खडाखडा बोटं चालवली. मध्येच मशीनची घंटी वाजली. मला वाटलं, माझा वेग बघून वाजली असेल.

या मशीनला टाइपरायटरसारखा ढकलायचा दांडा नव्हता. दोन बटणं होती. एकाने अक्षरं उमटवणारी गाडी मागे यायची, दुसऱ्याने कागद वर सरकायचा. ओळ संपत आली की घंटी वाजणार, मग आपण दोन्ही बटणं दाबायची. नाही दाबली तर मशीन काही थांबत नाही. गाडी कडेला जाऊन उभी राहते आणि पुढचं प्रत्येक अक्षर त्याच एका जागेवर, एकावर एक, आदळत राहतं. मी दोन्ही बटणं विसरलो होतो.

दोन मिनिटांत मुंबईहून उत्तर: "जॉर्जेट गुलाबी इथपर्यंत कळलं. पुढचा सगळा माल तुम्ही एका ठिपक्यात भरून पाठवला आहे. गाठोडं सोडून पुन्हा पाठवा. एस."

अण्णा आले. मला वाटलं आता नोकरी गेली. त्यांनी कागद उजेडाकडे धरला. ठिपक्याच्या जागी कागदाला भोक पडलं होतं.

"किती अक्षरं असतील रे यात?"

"दोनशे तरी असतील."

"दोनशे," अण्णा म्हणाले. "बोलायला निघाली होती बिचारी."

त्यांनी तो कागद मशीनच्या वर भिंतीला टाचणीने लावला. मी नोकरी सोडली तेव्हाही तो तिथेच होता.

०

अण्णांचं आणि सामंतबाईंचं भांडण माझ्या आधीपासूनचं. भांडण एकाच गोष्टीवरून: ओळ कुठे तोडायची.

अण्णांचा नियम असा की एक गोष्ट सांगून झाली की ओळ संपली. मग ती चार शब्दांची असली तरी पुढची गोष्ट नव्या ओळीवर. महत्त्वाचं काही असेल तर वर एक ओळ कोरी. सामंतबाईंचा नियम असा की घंटी वाजेपर्यंत ओळ भरायची आणि कोरी जागा म्हणजे उधळपट्टी. व्यवहार इंग्रजीत चालायचा, पण भांडण मराठीत. मराठीही इंग्रजी अक्षरांत, आणि तीही सगळी मोठी. त्यामुळे साधी तक्रारसुद्धा अंगावर आल्यासारखी वाटायची.

"अर्धा कागद कोरा आला. कागद काय झाडाला लागतो? ओळ भरून लिहीत जा. एस."

अण्णा उत्तर द्यायचे:

"वाचणाऱ्याला दम लागतो.

थोडी जागा सोडा."

तेही असं दोन ओळींत, मध्ये एक कोरी सोडून. मुद्दाम!

शेवटी बाईंनी वर तक्रार केली. शेठजींकडून हुकूम आला की सुरतेने ओळी पूर्ण भराव्यात. अण्णांनी हुकूम पाळला. दोन वाक्यांच्या मध्ये ते ठिपके टाइप करायला लागले, वीस-वीस, पंचवीस-पंचवीस, घंटी वाजेपर्यंत. ओळ भरलेली. चौथ्या दिवशी मुंबईहून आलं: "तुमच्या निरोपाला मुंग्या लागल्या आहेत. होतं तेच बरं होतं. एस."

जरीवालासाहेबांना हे सगळं दाखवलं तर ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "बंने साचा छो," म्हणाले, आणि वर निघून गेले. दोघंही खरे म्हटल्यावर भांडण मिटणार कसं?

०

मी एकदा अण्णांना सरळ विचारलं, एवढं काय आहे त्या ओळीत? तेव्हा त्यांनी सांगितलं.

ते नवीन-नवीन सुरतेला आले तेव्हा लूमवर होते. एका खोलीत खानदेशातली नऊ माणसं. वाचता येणारे अण्णा एकटे. रविवारी सगळ्यांची पत्रं अण्णांपुढे यायची आणि ते मोठ्याने वाचायचे. गावाकडची बातमी म्हणजे सगळ्या खोलीची बातमी, म्हणून सगळे गोल करून बसायचे. वाचतानाही अण्णा रंगवून वाचायचे, हातवारे वगैरे करून.

एका रविवारी त्यांचंच पोस्टकार्ड आलं. चुलत भावाचं. या कडेपासून त्या कडेपर्यंत खच्चून भरलेलं, समासातसुद्धा आडवं लिहिलेलं. अशुभ बातमी असेल तर आपल्याकडे कार्डाचा कोपरा फाडतात, म्हणजे घेणाऱ्याला आधीच कळतं आणि तो बसून घेतो. याचा कोपरा शाबूत होता. अण्णांनी वाचायला सुरुवात केली. इकडे सर्व खुशाल, भुईमूग बरा आहे, गाय व्याली, गोऱ्हा झाला, आई मंगळवारी वारली, बापूच्या मुलीचं जमतंय, पाहुणे बघून गेले.

"त्याच आवाजात वाचलं रे मी," अण्णा म्हणाले. "गोऱ्हा झाला तसंच आई वारली. पाहुण्यांपर्यंत पोचलो. खोली आधी गप्प झाली. मला मागून कळलं."

त्यांनी मशीनवरचा कागद सरळ केला.

"भावाचा दोष नाही. कार्ड लहान, सांगायचं खूप. पण त्याने तिला एक ओळ द्यायला पाहिजे होती. वर थोडी जागा सोडून."

मग ते एकदम घरच्या बोलीत आले. एरवी ऑफिसात ते अहिराणी बोलत नसत. "दम लेवाले जागा ठेव भो," म्हणाले. "दुसरं काही नही."

०

पण याला आणखी एक कारण होतं, ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. मला ते आपोआप कळलं.

अण्णा टाइप करताना डावा पंजा मशीनच्या पत्र्यावर टेकवून ठेवायचे आणि उजव्या हाताने एकेक अक्षर दाबायचे. मला वाटायचं सवय असेल. एकदा घंटीची तार निसटली. दोन दिवस घंटी मुकी होती. मी हैराण. दोनदा कडेला ठिपका केला. अण्णांचं काम नेहमीसारखं चाललेलं. तिसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला, तेव्हा अण्णा त्याला म्हणाले, "घंटीला काय झालं? वाजते की."

अकरा वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेला माणूस. समोरासमोर ओठ बघून त्यांना सगळं कळायचं, मशीनची धडधड पंजातून कळायची, पण ती बारीक घंटी त्यांच्या कानापर्यंत पोचतच नव्हती. घंटीपर्यंत ओळ भरायची म्हणजे ती ऐकू यायला हवी. ते आधीच ओळ तोडून मोकळे व्हायचे.

मी दुरुस्तीवाल्याला डोळ्याने खुणावलं, बोलू नको म्हणून. सामंतबाईंना मी हे कळवलं असतं तर भांडण त्याच दिवशी संपलं असतं. पण अण्णांना ते आवडलं नसतं, आणि खरं सांगायचं तर भांडण संपलेलं मलाही नको होतं.

०

एका पावसाळ्यात तापीला पूर आला. पाणी गावात शिरलं, टपाल बंद, ट्रंक कॉल लागेना. आमची बाजू उंचावर असल्यामुळे मशीन चालू होतं. मिल बंद, पण आम्ही दोघं मशीनपाशी.

मुंबईचा मजकूर आला, नेहमीसारखा खच्चून. माल भिजला का, गोदाम कसं आहे, कामगार किती हजर. आणि सगळ्यात खाली, आमच्या डोळ्यांवर विश्वास बसेना, एक कोरी ओळ! सामंतबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कोरी ओळ सोडली होती. तिच्याखाली: "खाजगी आहे. माझा धाकटा भाऊ कामरेजला कारखान्यात फिटर आहे. चार दिवस काही कळलेलं नाही. तिकडे पाणी आहे का? एस."

उकाभाईंची सासरवाडी कामरेजची. दुसऱ्या दिवशी ते कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून गेले आणि संध्याकाळी चिखलाने माखून परत आले. अण्णांनी आधी गोदामाचं उत्तर दिलं. मग कागद तीनदा वर सरकवला आणि टाइप केलं:

"भाऊ सुखरूप.

शाळेत आहे.

आज दुपारी जेवला."

एकेका ओळीवर, मध्ये जागा सोडून. मी विचारलं, तीन ओळी कोऱ्या कशाला? अण्णा म्हणाले, "बाईंना हा कागद शेठजींपुढे ठेवायचाय. पट्टी लावून फाडायला जागा नको?"

मुंबईहून आलं: "मिळालं. उपकार झाले. तीन कशाला, एक पुरली असती. एस."

तेव्हापासून तो रिवाज पडला. तीन कोऱ्या ओळींच्या वरचं शेठजींचं, खालचं माणसांचं. मुंबईच्या ऑफिसात आणि आमच्या मिलमध्ये भाऊ-भाऊ, काका-पुतणे असे बरेच होते. कोणाला ताप, कोणाला मुलगी, कोण गावी निघालं. पट्टी लावायची, फाडायचं, ज्याचं त्याला द्यायचं. शेठजींना आणि जरीवालासाहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. निदान आम्हाला तसं वाटायचं.

०

बाई मात्र "एक पुरे, एक पुरे" म्हणत राहिल्या. त्या स्वतः एकच सोडायच्या. अण्णा तीन. हे नवं भांडण. शेवटी अण्णा थोडे नरमले आणि कधीमधी तेही एकावर यायला लागले. त्याचं पुढे असं झालं.

विणाईखात्यातला दामू. त्याचा भाऊ मुंबईच्या ऑफिसात शिपाई. दामूची आई इथे अत्यवस्थ झाली. अण्णांनी सुताच्या मागणीखाली एक ओळ सोडून लिहिलं: "दामूची आई अत्यवस्थ. भावाला लगेच पाठवा." सामंतबाई त्या आठवड्यात रजेवर होत्या. त्यांच्या जागी आलेल्या नव्या माणसाला रिवाज माहीत नव्हता. माणूस नीटनेटका. त्याने सगळा मजकूर, मधली कोरी ओळ काढून, सुबक एका परिच्छेदात पुन्हा टाइप केला आणि शेठजींपुढे ठेवला.

शेठजींनी शेरा मारला: "दामूची आई कोणत्या खात्यात आहे? हजेरी पाठवा." आणि कागद फाइलला गेला.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो, खोटं कशाला बोलू. भाऊ आला तोपर्यंत आईला जाऊन दोन दिवस झाले होते. तो आमच्या खोलीत आला, दारातच उभा राहिला. शिवीगाळ केली नाही. "अण्णा, तुम्ही कळवलं होतं ना?" एवढंच विचारलं.

"कळवलं होतं," अण्णा म्हणाले. "पण जागा कमी सोडली."

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

सामंतबाई रजेवरून आल्या, त्यांना कळलं. त्यांचा निरोप आला, शेठजींच्या मजकुराखाली तीन ओळी सोडून. मी मोजल्या, बरोबर तीन. "चूक माझी. यापुढे माझ्याकडूनही तीन. एस."

०

मग वहिनींचं दुखणं निघालं. अण्णांच्या पत्नी सुशीलावहिनी. मूलबाळ नव्हतं, दोघंच. वहिनींनी माझ्या मुलीच्या बारशाला एवढा मोठा पापडाचा डबा आणला होता की आम्ही वर्षभर खाल्ले. पोटात गाठ निघाली. इथल्या डॉक्टरांनी मुंबईला न्या म्हणून सांगितलं. अण्णा घेऊन गेले, वहिनींच्या बहिणीला सोबत ठेवलं, ऑपरेशन झालं आणि रजा संपली. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने जायचं, सोमवारी सकाळी थेट ऑफिसात यायचं, असं सुरू झालं. बाकीचे पाच दिवस काढायचे कसे?

सामंतबाईंनी कोणी न विचारता कळवलं: "हॉस्पिटल माझ्या घराच्या वाटेवर आहे. ऑफिस सुटल्यावर रोज जाऊन येईन. सकाळी दहाला कळवीन. एस."

पहिला निरोप आला तो असा: "ताप उतरला टाके ओले आहेत डॉक्टर काळजी नाही म्हणाले रात्री उलटी झाली झोप लागली पेज घेतली." एका दमात, घंटीपर्यंत भरलेला. अण्णांनी तो चारदा वाचला. उलटीवर बोट ठेवायचे, मग पेजेवर, मग पुन्हा उलटीवर. मग मशीनवर बसले आणि टाइप केलं:

"बाई, विनंती.

एकेक सांगा."

मला वाटलं आता बाई काहीतरी बोलणार. दुसऱ्या दिवशी दहाला शेठजींचा मजकूर संपला, कागद तीनदा सरकला, आणि:

"ताप नाही.

अर्धी भाकरी खाल्ली.

तुमची आठवण काढली."

प्रत्येक ओळीच्या मध्ये एक कोरी. अण्णांनी कागद फाडला, घडी घातली, खिशात ठेवला. "बघ," म्हणाले, "बाईंना येतं की लिहायला."

०

त्या तीन आठवड्यांत आम्ही खूप हसलो, हे सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही.

वहिनींना आता निरोप पाठवायला माणूस मिळाला होता. "पापडाचा डबा उघडा राहिला असेल. झाकण लावा." अण्णा म्हणाले, झाकण मी स्वतः लावलंय. घरी जाऊन बघतात तर डबा उघडा! "शेजारच्या काशीबाईंची परात परत द्या. नाहीतर त्या मनात ठेवतील." "रोज भात खाऊ नका." आणि एक दिवस: "सामंतबाई माझ्याहून बुटक्या आहेत. आवाज मात्र मोठा." त्याखाली नवी ओळ: "मी हे लिहिणार नव्हते. त्यांनी लिहायलाच लावलं. एस."

रोज पावणेदहाला अण्णा मशीनसमोर येऊन बसायचे, डावा पंजा पत्र्यावर टेकवून. उकाभाई दहाच्या सुमाराला चहा घेऊन हजर, त्यांनाही निरोप ऐकायचा असायचा. मी वाचायचो. सगळा मजकूर मुंबईच्या मालकांचा आणि आम्ही तिघं वाट बघणार त्याच्या खालच्या चार ओळींची.

बुधवारी आलं:

"आज स्वतः वेणी घातली.

डॉक्टर रविवारी घरी सोडतील.

येताना हिरवं लुगडं आणा."

अण्णांनी त्या दिवशी उकाभाईंच्या आधी जाऊन सगळ्यांसाठी चहा सांगितला. संध्याकाळी घरी जाऊन लुगडं काढलं आणि गुरुवारी सकाळी पिशवीत घालून ऑफिसात आणून कपाटात ठेवलं. मी म्हटलं, अण्णा, अजून दोन दिवस आहेत की. म्हणाले, "शनिवारी गडबडीत विसरलो तर ती गाडीभर बोलेल."

०

तोच गुरुवार. दहा वाजता मशीन सुरू झालं. शेठजींचा मजकूर, नेहमीसारखा. शिफॉनचा माल सोमवारपर्यंत हवा, फिका निळा आणि मोरपंखी, मागच्या वेळची किनार चालणार नाही. घंटी, ओळ, घंटी, ओळ. खच्चून भरलेला. मजकूर संपला.

कागद एकदा वर सरकला. दोनदा. तीनदा. अण्णा पुढे वाकले.

चौथ्यांदा सरकला.

मला वाटलं चुकून दाबलं गेलं असेल. पाचव्यांदा, सहाव्यांदा. गाडी डाव्या कडेला उभी होती ती हलत नव्हती. एकही अक्षर पडत नव्हतं. नुसता कागद वर येत होता, एकेक ओळ, ठरावीक वेळाने, कोणीतरी पलीकडे एकच बटण दाबत असल्यासारखा. बारा झाल्या, पंधरा झाल्या. पांढरा कागद मशीनच्या मागे वाकून टेबलावर उतरायला लागला.

कागद वाचवणाऱ्या बाई त्या. एका कोऱ्या ओळीवरून शेठजींपर्यंत गेलेल्या.

उकाभाई चहा घेऊन आले होते. "अण्णा, चा ठंडी थई जशे," म्हणाले, आणि मग कप हातात धरून तेही कागदाकडे बघायला लागले. अण्णांचा डावा पंजा पत्र्यावर तसाच टेकलेला होता. प्रत्येक ओळीला तो थोडासा हलायचा. किती ओळी झाल्या मला ठाऊक नाही, मी मोजायचं सोडून दिलं होतं. मग मशीन थांबलं. सगळ्यात खाली एकच अक्षर पडलं. एस.

अण्णा उठले. पट्टी घेतली. शेठजींच्या मजकुराच्या खाली तीन ओळी मोजल्या, बोटाने, एक, दोन, तीन, पट्टी टेकवली आणि फाडलं. सरळ, एक दोरा इकडेतिकडे नाही. खालचा लांबलचक कोरा कागद टेबलावर पसरून त्याच्या घड्या घालायला लागले.

जरीवालासाहेब दारात आले. "अण्णा, शिफॉननो ऑर्डर आव्यो?"

अण्णांनी वरचा तुकडा त्यांच्या हातात दिला. साहेबांनी वाचला. मग त्यांचं लक्ष घडीकडे गेलं.

"नीचे बीजुं कंई छे?"

"आहे साहेब," अण्णा म्हणाले. "तीन ओळींच्या खालचं माझं."

साहेबांनी मान हलवली. काही विचारलं नाही, बाजूला होऊन वाट दिली. म्हणजे त्यांना पहिल्यापासून सगळं माहीत होतं.

अण्णांनी घडी खिशात ठेवली. कपाट उघडून लुगड्याची पिशवी घेतली. दारापाशी जाऊन थांबले आणि माझ्याकडे वळले.

"बठ भो मशीनवर," म्हणाले. "बाईले पोच दे. अन् ओळ भरीसन लिख. तिले तसंच आवडस."